‘थांबलो’ आणि ‘थांबवलं’: एका मेलमधल्या ‘टू’चं प्रकरण

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजीचा वर्ग चालतो. येणारे सगळे नोकरदार. कुणाला मेल लिहिताना घाम फुटतो, कुणाला मीटिंगमध्ये तोंड उघडवत नाही. हे प्रकरण त्यातल्या एका विद्यार्थ्याचं आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, पण त्यांचं आणि कंपनीचं नाव गाळून.

हे गृहस्थ रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. राहायला कळव्याला. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, आणि नेमक्या त्याच जूनमध्ये हे पाचवीच्या वर्गात बसून एबीसीडी गिरवत होते. चार वर्षांचा फरक आयुष्यभर पुरतो, असं ते हसत सांगतात. कामात माणूस चोख. कुठल्या रॅकवर काय आहे ते झोपेतही सांगतील. मेल मात्र भीत भीत लिहायचे, आणि लिहिलेली परत वाचायची नाही असा शिरस्ता होता, कारण वाचली की पाठवायचा धीर होत नसे.

एका संध्याकाळी ते वर्गाच्या आधीच अर्धा तास आले. हातात दोन प्रिंट होत्या, एक त्यांनी पाठवलेल्या मेलची आणि दुसरी त्यांना मिळालेल्या मेमोची.

घडलं होतं ते असं. प्लास्टिक दाण्याचा ट्रक आला होता. ६४० गोण्या, प्रत्येकी २५ किलो, म्हणजे १६ टन माल. नेहमीची पद्धत अशी की उतरवताना मधूनमधून गोण्या काढून प्लॅटफॉर्म काट्यावर टाकायच्या, वजन बघायचं, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कागदोपत्री नोंद, करायचा. त्या दिवशी काटाच बिघडला. मेंटेनन्सला फोन झाला, पण माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. ट्रकवाला खोळंबलेला. यांनी ठरवलं की आज वजन नको, मालासोबत आलेल्या चलनावर आहे तेवढीच क्वांटिटी धरू, पण तसं हेड ऑफिसला विचारून घेऊ. म्हणून चेन्नईला पर्चेसकडे मेल टाकली. देवनागरीत उतरवते:

‘टुडेज ट्रक इज हियर. वी हॅव स्टॉप्ड टू चेक द बॅग्ज. जीआरएन विल बी डन ॲज पर चलन. प्लीज कन्फर्म.’

त्यांच्या मनातलं वाक्य होतं, ‘गोण्या तपासायचं आम्ही थांबवलंय.’ चेन्नईच्या माणसाने वाचलं, ‘गोण्या तपासायला आम्ही थांबलोय.’ म्हणजे उतरवणं थांबवून तपासणी चालू आहे, आणि जीआरएन चलनाप्रमाणे होणार म्हणजे वजन जुळलंय. त्याने दोन शब्दांत उत्तर दिलं, ‘ओके, नोटेड.’ बिल पास झालं. दोन आठवड्यांनी प्रॉडक्शनचा हिशेब जुळेना म्हणून उरलेल्या गोण्या मोजल्या, तर कित्येक गोण्या दीड-दोन किलोने कमी. पुरवठादाराकडे तक्रार करायची मुदत तोवर उलटून गेलेली. मेमोत लिहिलं होतं की तपासणी केल्याचं तुम्ही लेखी कळवलं होतं.

मला यात सगळ्यात बोलकी वाटली ती सीसीची ओळ. ती मेल प्लँटच्या मॅनेजरनाही गेली होती. ते मराठी. त्यांनी वाचली, त्यांना अर्थ बरोबर कळला, म्हणजे तपासणी बंद आहे हा, आणि त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. रबाळ्यात ते वाक्य कुणालाही कळलं असतं. चेन्नईच्या माणसाला मराठी येत नव्हतं, म्हणून त्याने समोर जे इंग्रजी होतं तेच वाचलं. चूक त्याची काडीचीही नाही.

माझी चूक

मी पहिल्यांदा केलं ते कुठलीही शिक्षिका करते तेच. लाल पेन काढला, ‘टू चेक’ खोडलं, वर ‘चेकिंग’ लिहिलं आणि म्हटलं, ‘‘स्टॉपच्या पुढे आयएनजी लावायचं.’’

त्यांनी मान डोलावली नाही. पिशवीतून वही काढली, मागची पानं उलटली आणि माझ्यासमोर ठेवली. ‘‘मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं.’’

त्यांच्या टापटीप अक्षरात, चौकटीत: ‘टू + क्रियापद = करायला, करण्यासाठी’.

हे सूत्र मी वीस वर्षं शिकवत आलेय. ते माझ्या डोक्यात कुठून आलं हेही मला माहीत आहे. शाळेत मला पूर्ण संस्कृत होतं. ‘पठितुम्’ (वाचायला), ‘कर्तुम्’ (करायला) ही तुमन्तं, म्हणजे ‘-तुम्’ने संपणारी रूपं, आम्ही ‘हेत्वर्थक’ म्हणून घोकली, आणि कॉलेजात ‘इन्फिनिटिव्ह’, म्हणजे ‘टू’ लावलेलं क्रियापद, भेटल्यावर मी ती चिठ्ठी उचलून त्याच्यावर डकवली. हेतू, म्हणजे -ण्यासाठी. झालं. खरं तर संस्कृतातसुद्धा ‘पठितुम् इच्छति’मध्ये हेतू कुठे आहे? तिथे ‘काय इच्छितो’ याचं उत्तर आहे. पण हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

पुढे बारावीच्या मुलांना शिकवताना हेच सूत्र चाललं, कारण पेपरात ‘इन्फिनिटिव्ह वापरून वाक्य पुन्हा लिहा’ एवढंच येतं. एक मार्क मिळतो आणि पुढचा प्रश्न. सोळा टनांचा ट्रक त्या पेपरात येत नाही.

तेव्हा मी त्यांना सांगितलं की आज वर्गात बाकीच्यांना निबंध देते, आपण तुमच्या मेल बघू. त्यांनी मोबाइलवरून गेल्या तीन महिन्यांतल्या पाठवलेल्या मेल काढल्या. जिथे जिथे ‘टू’ला लागून क्रियापद होतं, किंवा असायला हवं होतं, ती वाक्यं आम्ही एका फुलस्केपवर उतरवली. पुढे दोन आठवडे तेच केलं.

शेपटीची गोष्ट

प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर मी त्यांना मनातलं मराठी वाक्य लिहायला लावलं. घाईघाईचं भाषांतर चालणार नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपण जे बोलू तेच हवं होतं. फुलस्केप भरलं तेव्हा उजवीकडचा रकाना असा दिसत होता: तपासणं, तपासायला, तपासण्यासाठी, तपासायचं, तपासू. डावीकडे मात्र सगळीकडे ‘टू चेक’.

मराठी क्रियापदाची शेपटीच सांगते की हे शब्द वाक्यात कोणतं काम करताहेत. इंग्रजीत शेपटी नाही. ‘टू चेक द बॅग्ज’ हा अख्खा तुकडा, म्हणजे इन्फिनिटिव्ह फ्रेज, जसाच्या तसा राहतो. तो वाक्यात कुठे बसलाय आणि कुणाच्या शेजारी बसलाय, यावरून त्याचं काम ठरतं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाची ओळख जशी जागेवरून होते, तसंच काहीसं.

इंग्रजीलाही एके काळी शेपटी होती, हे त्यांना सांगितल्यावर ते खुलले. अकराव्या शतकाच्या आधीच्या इंग्रजीत ‘पिणे’ म्हणजे ‘द्रिंकन’ होतं आणि ‘प्यायला’ म्हणजे ‘टू द्रिंकेने’. त्यातला ‘टू’ हा साधा ‘-कडे’ अर्थाचा शब्द होता, खरं काम शेवटचे स्वर-व्यंजन करत. पुढच्या शतकांत हे शेवट झिजले, झडले, आणि ‘टू’ तेवढा उरला. मग हेतू ठसवायला लोक त्याच्याआधी ‘फॉर’ही लावू लागले. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फॉर टू सी’ सर्रास आढळतं. आमच्या फुलस्केपवर ‘आय केम फॉर टू टेक डिलिव्हरी’ असं एक वाक्य होतंच. ‘‘म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी मी पास झालो असतो,’’ ते म्हणाले.

आता काम कोणकोणतं, ते पाहू.

पहिलं नामाचं. ‘वी डिसायडेड टू रिटर्न द ड्रम.’ काय ठरवलं? ड्रम परत करायचं. इथे फ्रेज कर्माच्या जागी बसलीय. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘अग्री’ यांच्यापुढे ती अशीच बसते. कर्त्याच्या जागीही बसू शकते. त्यांचं एक वाक्य होतं, ‘टू काउंट सिक्स हंड्रेड बॅग्ज अलोन इज डिफिकल्ट.’ व्याकरणाने बरोबर, पण इंग्रजीला दाराशीच एवढं ओझं आवडत नाही. तिथे ‘इट’ नावाचा डमी माणूस उभा करतात आणि ओझं मागे ठेवतात: ‘इट इज डिफिकल्ट टू काउंट सिक्स हंड्रेड बॅग्ज अलोन.’ हे त्यांना लगेच पटलं. जड माल मागे लावायचा, हा स्टोअरचाही नियम.

दुसरं विशेषणाचं. ‘प्यायला पाणी’, ‘बसायला जागा’, ‘सही करायचे कागद’. इंग्रजीत फ्रेज नामाच्या पाठीमागे येते: ‘वॉटर टू ड्रिंक’, ‘पेपर्स टू साइन’. इथे मराठी माणूस एका जागी हमखास अडखळतो. ‘लिहायला पेन’ आपण म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत ‘अ पेन टू राइट’ म्हटलं की वाक्य लंगडतं, कारण लिहितात ते पेनने. तो ‘-ने’ इंग्रजीत शेवटी ठेवावा लागतो: ‘अ पेन टू राइट विथ’. तसंच ‘अ चेअर टू सिट ऑन’. ‘-ने’, ‘-वर’, ‘-शी’ मराठीत ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असतात. इंग्रजी असं समजून घेत नाही.

याचं रस्त्यावरचं उदाहरण ऐरोलीपासून वाशीपर्यंत बाल्कन्यांवर लटकलेलं दिसतं, ‘टू लेट’. मराठीत त्याच पाटीवर ‘भाड्याने देणे आहे’ असतं. फ्लॅट हे नाम पाटीवर लिहिलेलं नसतं, कारण पाटी फ्लॅटलाच टांगलेली असते. त्यांच्या गेटपासवरचं ‘मटेरियल टू बी रिटर्न्ड’ हे त्याच जातीचं, ‘परत करायचा माल’. हा शिक्का ते गेली कित्येक वर्षं रोज मारत होते. तो व्याकरणाचा नमुना आहे हे कळल्यावर त्यांनी शिक्क्याचा फोटो काढून मला पाठवला.

तिसरं क्रियाविशेषणाचं, आणि माझं जुनं सूत्र फक्त इथे लागू पडतं. ‘ही केम टू कलेक्ट द मटेरियल.’ कशासाठी आला? माल न्यायला. याची खूण अशी की ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ ठेवून पाहावं. अर्थ टिकला, तर फ्रेज हेतू सांगतेय. ‘वी डिसायडेड इन ऑर्डर टू रिटर्न द ड्रम’ म्हणून पाहा, लगेच कळतं की इथे काहीतरी बिनसलंय.

पुन्हा त्या मेलकडे

ही खूण हाती आल्यावर मी त्यांच्यापुढे ती मेल परत ठेवली. ‘‘वी हॅव स्टॉप्ड इन ऑर्डर टू चेक द बॅग्ज. चालतंय का?’’

ते वाक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘चालतंय. म्हणूनच वाट लागली.’’

‘स्टॉप’नंतरचा ‘टू’ कायम हेतूचाच असतो. तो कर्माच्या जागी बसतच नाही. तिथे बसायचं तर ‘चेकिंग’ लागतं. आणि हे असं का, याची किल्ली मला मराठीतच सापडली, तीही त्यांच्यामुळे. ते सहज बोलून गेले, ‘‘आपल्याकडे थांबलो वेगळं, थांबवलं वेगळं.’’

अगदी बरोबर. थांबणे आणि थांबवणे ही आपली दोन क्रियापदं आहेत. थांबणाऱ्याला कर्म लागत नाही, थांबवणाऱ्याला लागतं. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘स्टॉप’. आपण जो फरक क्रियापदात करतो, तो इंग्रजीला पुढच्या तुकड्यात करावा लागतो. ‘स्टॉप्ड टू चेक’ म्हणजे तपासायला थांबलो, ‘स्टॉप्ड चेकिंग’ म्हणजे तपासणं थांबवलं. मराठीत ‘-वलं’ या दोन अक्षरांत जे मावतं, ते चेन्नईला पोचता पोचता गळून पडलं होतं.

मग अशा आणखी जोड्या आम्ही धुंडाळल्या. ‘सांगायला विसरलो’ म्हणजे ‘फरगॉट टू टेल’, सांगितलंच नाही. ‘सांगितल्याचं विसरलो’ म्हणजे ‘फरगॉट टेलिंग’, सांगून झालं होतं. ‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘रिमेंबर लॉकिंग’, आणि ‘आठवणीने कुलूप लाव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक’. ‘झाकण उघडायचा प्रयत्न केला’ म्हणजे ‘ट्राइड टू ओपन’, आणि ‘उघडून बघितलं’ म्हणजे ‘ट्राइड ओपनिंग’. हे शेवटचं मला इतकं आवडलं की त्या दिवशी मी वर्ग दहा मिनिटं जास्त घेतला. ‘करून बघ’ हा आपला रोजचा प्रयोग, आणि इंग्रजीचं पुस्तक तो समजवायला अर्धं पान खर्च करतं. आपल्याला मराठी बोलताना हे सगळे भेद आपसूक कळतात. इंग्रजी लिहायला बसलो की मात्र ते बाजूला ठेवून आपण ‘टू म्हणजे -ण्यासाठी’ जपत बसतो.

जिथे मराठी दगा देते

हुरळून जाऊन मी त्यांना सांगून टाकलं की मराठी शेपटी बघा, इंग्रजी आपोआप येईल. आठवड्याभरात हेही मागे घ्यावं लागलं.

सुरुवात छान झाली होती. ते ‘लेट हिम टू गो’ लिहायचे. मी म्हटलं, आपण ‘जायला दे’ म्हणतो का? ‘जाऊ दे’ म्हणतो. ‘-ऊ’ दिसला की ‘टू’ काढा: ‘लेट हिम गो’. ‘जाऊ शकतो’ म्हणजे ‘कॅन गो’. बसलं की डोक्यात. पण मग ते विचारू लागले की ‘पाऊस पडू लागला’चं काय? तिथे ‘इट स्टार्टेड टू रेन’, ‘टू’ हवाच. आणि उलट, ‘लोडरला परत मोजायला लावलं’मध्ये ‘-ायला’ आहे, तरी इंग्रजीत ‘मेड हिम काउंट’, ‘टू’ नाही. त्यावर कडी म्हणजे तेच वाक्य फिरवलं की ‘ही वॉज मेड टू काउंट’, ‘टू’ परत हजर. यावर माझ्याकडे तोडगा नव्हता. ‘लेट’ आणि ‘मेक’ पाठ करा म्हटलं.

खरी गोची ‘-ायला’ची आहे. ‘भेटायला आला’, ‘प्यायला पाणी’, ‘सांगायला विसरलो’, अशी तिन्ही कामं ती एकटीच करते. म्हणून शेपटीवर सगळं सोडता येत नाही, प्रश्न विचारावा लागतो: काय? कोणतं? की कशासाठी?

आणखी एक घोळ ‘टू’च्या सोंगाचा. त्यांच्या प्रत्येक मेलचा शेवट ‘लुकिंग फॉरवर्ड टू हियर फ्रॉम यू’ असा असायचा. हा ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही, तो जुना ‘-कडे’वाला आहे. ओळखायचं कसं, तर त्याच्यापुढे नाम ठेवून बघायचं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालतं, म्हणजे तिथे ‘हियरिंग’ हवं. ‘वॉन्ट टू युअर रिप्लाय’ चालत नाही, म्हणजे तिथला ‘टू’ क्रियापदाचाच. पाच मिनिटांचं काम होतं, पण ही ओळ तीन महिन्यांत रोज कुणा ना कुणाला गेली होती.

कृती नेमकी कुणी करायची, हा प्रश्नही फुलस्केपवर दोनदा आला. ‘ड्रायव्हर टोल्ड मी टू वेट’मध्ये थांबणार मी. ‘ड्रायव्हर प्रॉमिस्ड मी टू वेट’मध्ये थांबणार ड्रायव्हर. शब्दांची मांडणी अगदी तीच, फक्त एक क्रियापद बदललं आणि उन्हात उभा राहणारा माणूस बदलला. मराठीत ‘थांबायला सांगितलं’ आणि ‘थांबायचं कबूल केलं’, दोन्ही ऐकताच उलगडतात.

पुढे काय झालं

मेमोला उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं. मी फक्त वाचलं. चार ओळींचं होतं, आणि दुसरी ओळ अशी: ‘वी स्टॉप्ड चेकिंग द बॅग्ज बिकॉज द वेइंग मशीन वॉज नॉट वर्किंग. माय मेल डिड नॉट से धिस क्लियर्ली.’ मेमो मागे घेतला गेला नाही. पण चेन्नईच्या त्या माणसाने फोन केला, आणि तेव्हापासून अशा मेलसाठी त्यांनी एक पद्धत ठरवलीय: तपासणी झाली की नाही, हे एका वेगळ्या ओळीत ‘येस’ किंवा ‘नो’ लिहायचं. माझ्या मते व्याकरणापेक्षा हा उपाय सरस आहे. पण फी मी व्याकरणाची घेते, म्हणून हे जपून बोलते.

आता ते संध्याकाळच्या लोकलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या मेल मराठीत लिहून ठेवतात. रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे, एवढाच वेळ मिळतो. बसायला जागा मिळाली तर दोन मेल, नाहीतर एक. इंग्रजी सकाळी करतात. मी ते सूत्र माझ्या वहीतून खोडलंय, जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांचं काही करता येणार नाही.

गेल्या महिन्यात दहा तारखेला मी वर्गाच्या ग्रुपवर नेहमीची आठवण टाकली आणि खाली फी बाकी असलेल्यांची यादी दिली. त्यात त्यांचंही नाव होतं. दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला: ‘मॅडम, आय रिमेंबर पेइंग द फीज ऑन द फिफ्थ. यू फरगॉट टू राइट इट.’

रजिस्टर काढून बघितलं. पाच तारखेच्या पानात पैशांचं पाकीट तसंच होतं.